चिमणी चालू, धूर उलटा

तक्रार शेगडीची होती. नवी शेगडी बसवल्यापासून सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, नक्की कुठेतरी गॅस गळतोय, असं त्या बाई फोनवर ठामपणे सांगत होत्या. डोकेदुखीपायी चष्म्याचा नंबरही तपासून झाला होता.

गळती शोधणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. कॉक बंद करून नळीतला दाब टिकतो का बघायचं, मग प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघायचं. इथे एकही आला नाही. खरं सांगायचं तर काम सुबक होतं. ओट्याखालच्या ड्रॉवरने नळी चेपलेली नव्हती, भोकाच्या धारेवर नळी घासू नये म्हणून रबरी कडं बसवलेलं होतं आणि कॉक हाताशी होता. नाहीतर मॉड्युलरवाले कॉक हमखास ड्रॉवरमागे लपवतात. आग लागली की आधी ड्रॉवर उपसत बसा! ज्योत स्वच्छ निळी, भांड्यांच्या बुडाला काजळी नाही. फुंकर मारून ज्योत विझवली तर थर्मोकपलने, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या काडीने, काही सेकंदांत गॅस तोडला. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीजवळ बसवलेला, तोही बरोबर.

मी बाईंना विचारलं, त्रास नेमका कधी होतो? त्या म्हणाल्या, सकाळी, सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना. आणि पुढे म्हणाल्या, "कोंदट वाटलं की मी चिमणी मोठी करते, तरी आणखीच जड होतं."

त्या 'तरी'शी मी थबकलो.

शेजारची बाल्कनी काचेने बंद करून स्वयंपाकघरात घेतलेली होती आणि गॅस गीझर तिथेच टांगलेला. त्याचा धूर नळीतून बाहेर जातो. पण अशा गीझरच्या धूरनळीच्या बुडाशी मुद्दाम उघडी फट ठेवलेली असते. धूर गरम म्हणून आपोआप वर चढतो, ढकलायला पंखा वगैरे काही नसतो. आता चिमणीचा हिशेब करा. डब्यावर ताशी १२०० घनमीटर लिहिलेलं. म्हणजे मिनिटाला २० घनमीटर. ते स्वयंपाकघर साधारण तेवढंच. वळणावळणाच्या पाइपात प्रत्यक्ष ओढ बरीच कमी होते हे धरलं, तरी तेवढी हवा आत यायला वाट हवी की नको? पूर्वीचा झरोका कपाटामागे बुजवलेला, काचांना सिलिकॉन, आणि चिमणीचा आवाज बाहेर नको म्हणून दार लावून घ्यायची सवय. उरलेलं एकच भोक म्हणजे गीझरची धूरनळी.

मी पातळ कागदाची पट्टी त्या फटीपाशी धरली. गीझर चालू, चिमणी बंद: पट्टी आत ओढली गेली, जशी जायला हवी तशी. दार लावून चिमणी मोठ्या वेगावर केली. पट्टी लोंबकळली, थरथरली आणि सावकाश माझ्या तोंडाकडे वळली. धूर उलटा खोलीत येत होता. खोलीतला प्राणवायू कमी झाला की जळण अपुरं होतं आणि मग तोच गीझर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडायला लागतो. तो मोजणाऱ्या माझ्या मीटरचा आकडा ६० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६० भाग) पुढे सरकताना बघून मी गीझर बंद केला, दारं उघडली आणि सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातल्या हवेसाठी घातलेली तासाभराची मर्यादा साधारण ३० पीपीएम आहे. या वायूला वास नाही, रंग नाही. एलपीजीत वासासाठी मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, म्हणून लोक नाकावर विसंबतात. इथे नाक काही कामाचं नाही. आणि जमिनीजवळचा तो अलार्म एलपीजीचा. याच्यासाठी तो गप्पच राहणार होता.

मला अजून सुटत नाही ते हे. शेगडीवाल्याने शेगडी नीट बसवली, चिमणीवाल्याने चिमणी, गीझरवाल्यानेही कधीकाळी नीटच बसवला असणार. प्रत्येकाने आपापली वस्तू तपासली आणि सही घेऊन गेला. गॅस कुठून येतो हे तिघांनीही बघितलं. हवा कुठून येते हे बघण्याची ओळ कुणाच्याच कागदावर नव्हती. आणि बाई जितकी काळजी घेत होत्या तितकी चिमणी मोठी होत होती.

मी सांगितलं ते असं: बाहेरच्या भिंतीत बंदच करता येणार नाही अशी जाळी, स्वयंपाकघराच्या दाराखाली फट, बाहेरूनच हवा घेऊन बाहेरच सोडणारा बंदिस्त गीझर, आणि तो येईपर्यंत जुना गीझर बंद. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म. यजमानांनी गीझर लगेच मान्य केला. जाळीवर मात्र त्यांनी इंटिरियरवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

वाऱ्याने ज्योत विझेल, हा त्याचा पहिला मुद्दा. तो अगदी चुकीचा नाही. म्हणूनच जाळी शेगडीच्या रेषेत नको, बाजूला हवी, हे मी त्याला समजावलं. मग त्याने विचारलं, निम्म्या आकाराची चालेल का? नाही म्हणालो. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "बरं, मग बाहेरून तिच्यावर एखादं पॅनल लावलं तर?"