राहूड घाट, पद्मिनी आणि कांद्याची ट्रॉली

हे लिहायला बसलोय ते गाडीसाठी नाही. गाडीवर पुढे कधीतरी सविस्तर लिहीनच, इंजिन खोललं की फोटोपण टाकीन. आज लिहितोय ते मालेगाव-चांदवड रस्त्यावरच्या राहूड घाटातल्या त्या एका तासासाठी आणि त्यानंतरच्या रात्रीसाठी. तीन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची, फिकट निळी, जुन्या तीन अक्षरी नंबरची. बाबांनी १९८१ साली पद्मिनी बुक केली होती. तेव्हा पैसे टाकले आणि गाडी घरी आली असं नव्हतं, नंबर लागायची वाट बघत लोक वर्षानुवर्षं बसायचे, आणि बाबांचा नंबर जवळ आला नेमकं तेव्हाच, ८४ ला, आत्याचं लग्न ठरलं आणि त्यांनी बुकिंगचे पैसे परत घेतले. मग घरात स्कूटर आली, बऱ्याच वर्षांनी मारुती आली, पद्मिनी काही आली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, त्याची पेपरातली बातमी बाबांनी कात्रीने कापून डायरीत ठेवली. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून मी शोधत होतो, आणि अट एकच होती, ८४ चीच पाहिजे.

सापडली धुळ्यात, देवपूरला, एका बंगल्याच्या मागे चिंचेखाली. नऊ वर्षं उभी. इंजिन पूर्ण जाम, पाना लावून फिरवलं तरी तसूभर हलेना, पण पत्रा चांगला, आतलं सगळं मूळचं, पुढची सलग सीट न फाटलेली, स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा जागच्या जागी. एक लाख दहा हजाराला सौदा झाला. गाडी ज्यांची होती त्या आजी ऐंशीच्या घरातल्या, त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि आम्हाला डबा दिला, भरीत आणि कळण्याच्या भाकरी. थंडीतलं खानदेशी भरीत म्हणजे काय ते ज्याने खाल्लंय त्यालाच कळेल, शेतातल्या हिरव्या वांग्यांचं, काड्यांवर भाजलेलं.

आता ज्याने आमचा घात केला त्याचं सांगतो. गाडी उचलून न्यायला पुण्यातल्या एका वाहतूकवाल्याकडे प्लॅटफॉर्मची गाडी ठरवली होती, चार हजार ॲडव्हान्स घेतला होता त्याने, आणि त्या दिवशी सकाळी सहापासून फोन बंद. दुपारी एकपर्यंत बंद. ते पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. माणसाने नाही म्हणावं, आदल्या रात्री म्हणावं, पण दुसऱ्याला परगावी थंडीत उभं करून फोन बंद करू नये, मला याची खरंच फार चीड आहे.

मामेभाऊ बोलेरो घेऊन सोबत होता. तो म्हणाला, दादा टोचन करून नेऊ, म्हणजे बोलेरोला मागे जोडून ओढत, निदान नाशिकपर्यंत, तिथून पुढे बघू. आणि मी हो म्हणालो. इथे कबूल करतो की हे चूक होतं. नियमाप्रमाणे बंद पडलेली गाडी टोचन करायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत, दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस स्टेअरिंगवर हवा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आम्ही पाळल्या, पहिली पाळली नाही.

देवपूरमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र काम मनापासून केलं. चारही चाकांच्या ब्रेकचे रबर बदलले, बेअरिंगमधलं वाळून दगड झालेलं ग्रीस काढून नवीन भरलं, आणि प्रोपेलर शाफ्ट मागून सोडवला. मी म्हणलं न्यूट्रलला टाकली की झालं ना, तर म्हणाले नाही. मागची चाकं फिरली की ती शाफ्टला फिरवणार, शाफ्ट गिअरबॉक्सला फिरवणार, पण इंजिन बंद असताना आतलं ऑइल वर उडत नाही, सगळं कोरडं घासत राहतं, पन्नास किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स खाऊन टाकेल. एक चार्ज केलेली जुनी बॅटरी बसवून दिली, मागचे दिवे लागतील एवढ्यासाठी. निघताना म्हणाले, "गाडी भारी शे भाऊ, हळूहळू ली जा." आणि एक सांगितलं होतं त्यांनी, की टोचनचा दांडा बंपरच्या पट्टीला बांधू नका, गाडीखालच्या आडव्या बीमला बांधा. पण दांडा मिळता मिळता साडेपाच झाले, मिस्त्री घरी गेलेले, बीमपर्यंत हूक पोचेना, अंधार पडायला लागला, आणि आम्ही तो बंपरच्या ब्रॅकेटलाच अडकवून निघालो. पुढचं सगळं त्या एका घाईमुळे झालं.

टोचन केलेल्या गाडीत बसणं कसं असतं ते आधी माहीत नव्हतं. इंजिनचा आवाज नाही, ऊब नाही, नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. डावीकडची काच अर्ध्यात अडकलेली, वर येईना, त्यातून वारा थेट कानशिलावर. समोरच्या काचेवर माझाच श्वास गोठल्यासारखा साचायचा, पेपरने पुसायचं, दोन मिनिटांत परत तेच. मोबाईलवर सात डिग्री दाखवत होतं. बोलेरोच्या मागच्या दिव्यांकडे टक लावून बघायचं आणि तो ब्रेक मारेल तेव्हा आपणपण मारायचा, नाहीतर दांडा वाकडा होतो. पद्मिनीच्या ब्रेकला बूस्टर नाही म्हणून बरं, इंजिन बंद असलं तरी ब्रेक लागतात, फक्त पाय जोरात दाबावा लागतो. झोडगे गेलं, मालेगाव गेलं, तिथे दोन चहा झाले. फोन स्पीकरवर सतत चालू ठेवला होता, भाऊ पुढून सांगायचा खड्डा आला, गतिरोधक आला. पंचवीस-तीसच्या वर स्पीड नव्हताच.

उमराणे सोडलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. घाट सुरू झाला, चढ लागला, आणि दहा मिनिटांत एकामागोमाग तीन गोष्टी झाल्या. आधी डॅशबोर्डवरचा मिणमिणता दिवा पिवळा होत होत विझला. इंजिन बंद म्हणजे चार्जिंग नाही, पाच तास नुसत्या बॅटरीवर दिवे चालले होते, ती बसली. म्हणजे मागचे दिवेपण गेले, हायवेवर, रात्री, आणि मागून ट्रक येतायत. मी भावाला सांगायला गेलो तर फोन कट, घाटात रेंज नाही. हॉर्न दाबला, हॉर्न नाही. तेवढ्यात कर्रर्र करून आवाज आला आणि बंपरची डावी बाजू खाली गेली, ब्रॅकेट पत्र्यासकट फाटलं होतं. क्रोमची पट्टी रस्त्यावर घासून ठिणग्या उडायला लागल्या.

सगळा भार आता उजव्या ब्रॅकेटवर. जोरात ब्रेक मारला तर ते तुटणार आणि गाडी चढावर मागे सुटणार, नाही मारला तर भावाला कळणार कसं. मी पाय अलगद टेकवला, सोडला, टेकवला, सोडला. पुढच्याला मागून कोणीतरी शर्ट ओढतंय असं वाटावं एवढाच. चौथ्या-पाचव्या वेळी बोलेरोचे ब्रेकचे दिवे लागले. आयुष्यात लाल दिवा बघून इतकं बरं कधी वाटलं नाही.

हँडब्रेक लागतच नव्हता. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो, भावाने धावत जाऊन मागच्या चाकांना दगड लावले. मग मोबाईलचा टॉर्च लावून मागे उभे राहिलो आणि येणाऱ्या गाड्यांना हात करत राहिलो. कोणी थांबत नव्हतं. वर हॉर्न मारत, अप्पर टाकत जात होते. एका मोठ्या कारवाल्याने काच खाली करून शिवी दिली, काच वर केली आणि गेला. एक ट्रक एवढ्या जवळून गेला की पद्मिनी हलली. मला तेव्हा गाडीची काळजी वाटेनाशी झाली होती, भाऊ घरी नीट पोचावा एवढंच वाटत होतं.

मग खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉली कांद्याने भरलेली, वर ताडपत्री. तो आमच्यापाशी आला आणि काही न विचारता आमच्या मागे वीस-पंचवीस फुटांवर ट्रॉली आडोशाला लावून थांबला. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या होत्या, शिवाय त्याने इंडिकेटर चालू ठेवले. उतरून पहिलं काय केलं असेल तर कडेच्या झुडपाच्या फांद्या तोडून लांब मागे रस्त्यावर टाकल्या. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, "आता बोला भाऊ, काय झालं?"

पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर, अंगात स्वेटर आणि त्यावर बायकोची शाल. सोबत नऊ-दहा वर्षांचा पोरगा, माकडटोपी घातलेला, मडगार्डवर बसून आलेला. पोराच्या हातात टॉर्च दिला आणि त्याने तो शेवटपर्यंत हलवला नाही, थंडीने दात वाजत होते तरी. त्या माणसाने रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली डोकं घातलं, ट्रॉलीचा नाडा, म्हणजे दोर, सोडून आणला, खाली बीमला दोन वेढे मारले आणि दांडा त्याला करकचून बांधला. म्हणजे मिस्त्रींनी सांगितलं होतं तिथेच. लोंबणारा बंपर काढून माझ्या हातात दिला. माझी बोटं वळत नव्हती, मला एक गाठपण मारता आली नाही, सगळ्या त्यानेच मारल्या.

मी म्हणलं आता जातो आम्ही हळूहळू. तर म्हणाला, "दिवे नाहीत तुम्हाला, असे कसे जाल? मी मागून येतो. मला चांदवडलाच जायचंय." आणि आला. पूर्ण घाट, मग वरचं सपाट, पार चांदवडपर्यंत, भरलेली ट्रॉली घेऊन तो आमच्या मागे आमच्या स्पीडने येत राहिला. आरशात मला त्याचा एकच हेडलाईट दिसत होता, दुसरा बंद होता. मागून येणाऱ्या सगळ्या ट्रकना आधी त्याची ट्रॉली दिसत होती. म्हणजे काही झालं असतं तर ते आधी त्याला झालं असतं, आणि त्याचं पोरगं मडगार्डवर होतं. हे मला चांदवडला उतरल्यावर लक्षात आलं आणि माझे पाय लटपटले.

बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरची रांग लागलेली, जागोजागी शेकोट्या. आम्हीपण गाड्या कडेला लावून बसलो. भरीत-भाकरी काढली, भरीत बर्फासारखं गार झालं होतं, त्यानेच भाकऱ्या विस्तवावर धरून कडक करून दिल्या. त्याने सांगितलं की उमराण्याचा बाजार घराजवळ आहे पण परवा तिथे भाव पडला म्हणून इकडे आलो, कुठे पन्नास रुपये जास्त मिळाले तर डिझेल तरी सुटतं. हा रांगडा कांदा, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत साठवून ठेवता येत नाही, काढला की विकायचाच, भाव असो नसो. दर थोड्या वेळाने तो उठून ताडपत्री चाचपत होता, दव आत जायला नको म्हणून.

पोरगा बसल्या बसल्या पेंगायला लागला. एरवी म्हणे तो ट्रॉलीतच ताडपत्रीखाली झोपतो. मी पद्मिनीचं दार उघडलं. पुढची सीट सलग आहे, मध्ये गिअर नाही, हँडब्रेक नाही, त्याच्या उंचीला बरोबर पुरली. वर आमचं ब्लँकेट टाकलं, अर्धवट काचेला कांद्याची गोणी लावली. आत जाताना त्याने विचारलं, "ही चालू होईल का?" मी म्हणलं होईल. "मग तवा या बरं इकडं," म्हणाला आणि झोपला.

नाशिकहून मागवलेली प्लॅटफॉर्मची गाडी पहाटे साडेसहाला आली, तिचे साडेनऊ हजार झाले आणि ते द्यायला मला अजिबात वाईट वाटलं नाही. पोराला उठवलं. पाचशेची नोट पुढे केली तर त्या माणसाने माझा हात धरून माझ्याच खिशात घातला. नाडा मात्र परत मागून घेतला, ट्रॉली बांधायला लागतो म्हणून. नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला. लिलाव नऊनंतर सुरू होणार होता.

पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागांवर धुराचा थर अडकून बसला होता, कडाक्याच्या थंडीत घडांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. तो धूर बघत बघत मला झोप लागली ती संगमनेरला उघडली.

बाबा गाडीत बसले, दार लावून घेतलं, बराच वेळ बसून होते. मग हाक मारून विचारलं की हे काय आहे. सीटच्या शिवणीत कांद्याच्या पातळ लाल साली अडकल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. साली त्यांनी काढल्या नाहीत, मीपण काढलेल्या नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी मोबाईलवर चांदवडचे कांद्याचे भाव बघितले. किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे असतात. त्यातला त्यांचा कुठला ते कळत नाही.