पोटॅशिअम गेलं कुठे?

पहाटे कॅज्युअल्टीत चौघांनी एका तरुणाला खुर्चीसकट उचलून आणलं. वय २७. चुलतभावाच्या हळदीत मध्यरात्रीपर्यंत नाचला, जिलेबीवर ताव मारला आणि झोपला. लघवीला उठायला गेला तर पाय उचलेनात. गावातल्या दवाखान्यात 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोज लावलं, त्यानंतर हातही गळाले.

"डॉक्टर, बाहेरचं तर काही नसंल ना?" आईनं हळूच विचारलं.

टाचणी टोचली की ओरडत होता. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म. पण निपचित पडलेल्या माणसाची नाडी ११८? बोटांना बारीक थरथरही होती. "दुप्पट जेवतो, तरी पँट ढिली होत चाललीय," आई म्हणाली. ईसीजीत टी लाट सपाट, तिच्यामागे ठळक यू लाट, म्हणजे रक्तात पोटॅशिअम कमी असल्याची खूण. पोटॅशिअम १.९, हवं किमान ३.५.

उलटी नाही, जुलाब नाहीत. म्हणजे ते शरीराबाहेर गेलंच नव्हतं, पेशींत शिरलं होतं. धावती नाडी, थरथर, ढिली पँट, सगळं थायरॉइडकडे बोट दाखवत होतं. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की स्नायूपेशींवरचे सोडिअम-पोटॅशिअम पंप, म्हणजे पोटॅशिअम आत ओढणारे पंप, वाढतात. जिलेबीनं इन्सुलिन उसळलं, पंपांना आणखी जोर आला. (ग्लुकोजच्या बाटलीनंही तेच केलं.) बाहेर यायची वाट म्हणजे पोटॅशिअमच्या वाहिन्या, इन्सुलिन आणि अ‍ॅड्रेनलिन त्याही आवळतात. अशा काही रुग्णांत केआयआर २.६ या वाहिनीच्या जनुकातच दोष असल्याचं २०१० साली दिसलं, आणि त्या जनुकावर थायरॉइड हार्मोनचाच अंमल चालतो.

ग्लुकोज काढलं. साध्या सलाइनमधून पोटॅशिअम, अगदी हळू, आणि अ‍ॅड्रेनलिनचा जोर रोखणारं प्रोप्रॅनोलॉल.

"जोरात सोडा की बाटली!" मामा दर दहा मिनिटांनी येऊन सांगत होते.

"मामा, हा जोर त्याच्या हृदयाला झेपायचा नाही." पंप थंडावले की आत दडलेलं सगळं परत रक्तात येतं. त्यात आपण भरमसाट ओतलेलं असलं तर हृदय थांबू शकतं. सिस्टर मॉनिटरपासून हलल्या नाहीत.

उजाडल्यावर अंगठा हलला. दुपारी गडी भिंत धरून उभा राहिला, पोटॅशिअम ४.८. एवढं त्या बाटलीत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी टीएसएचचा रिपोर्ट आला, जवळपास शून्य. थायरॉइडचं हार्मोन अती झालं की हे टीएसएच घटतं. थायरॉइडचं हार्मोन कमी करणारं कार्बिमॅझोल सुरू केलं. जाताना त्यानं खिशात ठेवायला पोटॅशिअमच्या गोळ्या मागितल्या. दिल्या नाहीत. झटका नसताना त्यांचा उपयोग नाही. थायरॉइड ताळ्यावर आलं की झटके थांबतात.