ब्रर्र-हम्: न्यासाच्या रानात पाखरामागून मधाकडे

मोझांबिकच्या उत्तरेला, न्यासाच्या राखीव रानात मध काढायला निघालेला याओ जमातीचा माणूस आधी पाखराला हाक मारतो: ‘ब्रर्र-हम्’. जिभेची लांब थरथर आणि शेवटी खालच्या पट्टीत एक हुंकार. चालता चालता दर थोड्या वेळाने पुन्हा तेच.

येतो तो ग्रेटर हनीगाइड. बुलबुलाएवढा, मळकट रंगाचा, सहज नजरेतून निसटणारा. उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दिसतात, त्यांच्यावरच डोळा ठेवायचा. काड्यापेटी खुळखुळवावी तशी कटकट करत तो झाडाझाडांवरून पुढे सरकतो. आपण मागे राहिलो तर परततो, पण मागून हाक चालू ठेवलेली बरी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या प्रयोगात दुसरे आवाज वाजवले तेव्हा पाखरू ३३ टक्के वेळा वाट दाखवायला आलं, या हाकेला ६६ टक्के.

पाखरू एकाएकी गप्प झालं की नवखा माणूस तसाच पुढे जातो आणि चुकतो. तिथेच थांबायचं. खोड आभाळाच्या उजेडावर धरून पाहिलं की ढोलीच्या तोंडाशी माश्यांची ये-जा दिसते. साधारण चारातल्या एका फेरीत मात्र पोळं मिळतच नाही.

मग धुरी. आत वाळली काटकी-पानं, भोवती हिरवा पाला, सालीने करकचून बांधलेली चूड लांब काठीच्या टोकाला. वाळलं जास्त झालं तर जाळ होतो आणि पोळंच होरपळतं. ओलं जास्त झालं तर चूड विझते आणि आफ्रिकी माश्या अंगावर येतात. ढोली फार उंच असेल तर कुऱ्हाडीने झाडच पाडतात. एका पोळ्यासाठी अख्खं झाड, हे आपल्याला जड जातं.

मध माणसाचा, मेण पाखराचं. मेण पचवू शकणारे पक्षी मोजकेच, त्यात हा एक. याओ लोक रिकाम्या पोळ्याचे तुकडे हिरव्या पानांवर मांडून ठेवतात. टांझानियातले हाडझा पाखराला शिटीने बोलावतात आणि उरलेलं मेण पुष्कळदा जाळतात किंवा पुरतात. भुकेलं पाखरू पुढचं पोळं दाखवील, हा हिशेब.

ही विद्या पिल्लाला आईबापांकडून मिळत नाही. मादी परक्या घरट्यात अंडं घालते, आणि तिचं आंधळं पिल्लू चोचीच्या आकड्यांनी यजमानाची पिल्लं मारून टाकतं. हिमालयातही याचा एक भाऊबंद आहे. तो कड्यांवरच्या पोळ्यांचं मेण खातो, पण माणसाला वाट दाखवत नाही. तिथे हाका मारून उपयोग नाही.