फळ्यावरचे खारे वारे

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन आणि मध्ये बाण काढून मी दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे समजावून सांगत असे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही, त्यामुळे माझ्या वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसायचा. मी स्वतः तो दोनदाच पाहिला होता, आणि तोही सहलीला नेलेल्या मुलांची डोकी मोजता मोजता. निवृत्तीनंतर ऑक्टोबर २०२२ ते जून २०२३ या काळात मुलाकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या एका किनारी उपनगरात राहण्याचा योग आला. घरापासून बारा मिनिटे चालले की समोर हिंदी महासागर. त्या पाण्यात उतरायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सूनबाई म्हणाली, "दुपारी खिडक्या बंद ठेवा आई, डॉक्टर आले की उघडू." घरात कोणी आजारी आहे की काय, अशी शंका मला आली. उलगडा झाला तो दुपारी दोनच्या सुमारास. सकाळपासून पूर्वेच्या वाळवंटाकडून येणारा कोरडा, तापलेला वारा एकाएकी थांबला, क्षणभर पानही हलेना, आणि मग समुद्राकडून असा गार झोत आला की दोरीवरचे कपडे आडवे झाले. तेथील लोक या वाऱ्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, कारण तो दक्षिणेकडील फ्रीमँटल बंदराच्या बाजूकडून येतो आणि उष्म्याने त्रासलेल्या शहराला उतार देतो. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्याही वर जातो. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, ती जागा भरून काढण्यासाठी समुद्रावरची हवा धावते, हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल! पण त्याने अंगावर काटा येतो, हे मी एकाही विद्यार्थ्याला सांगितले नव्हते, कारण मलाच ते ठाऊक नव्हते.

पर्थचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. लातूरला धाकटा भाऊ दुपारी जेवण आटोपून फोन करी, तेव्हा आमच्याकडे बहुधा वारा सुटलेला असे, आणि मी सहज म्हणत असे, "थांब, डॉक्टर आलेत, खिडक्या उघडते." असे आठवडाभर ऐकल्यावर त्याने मुलाला वेगळा फोन करून विचारले, "अक्काकडं डॉक्टर रोज येतेत म्हणं, झालंय तरी काय तिला?"

पोहणे मला अगदीच अपरिचित नव्हते. मामांच्या गावी तेरणेकाठच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही भावंडे पोहायला शिकलो होतो. परंतु विहिरीत कोणत्याही बाजूला चार हात मारले की दगडी कडा हाताला लागते, आणि समुद्रात फक्त एका बाजूला जमीन असते. त्यातून कपड्यांचा संकोच होताच. या वयात पाण्यात काय घालून उतरावे, हे विचारायचे तरी कोणाला? प्रत्यक्षात तिथे उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची एवढी धास्ती आहे की लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत अनेकजण पूर्ण बाह्यांचे, गळाबंद पोहण्याचे सदरे घालूनच पाण्यात उतरतात. मी तसा सदरा आणि घोट्यापर्यंतची विजार घालून गेले, आणि माझ्याकडे वळून कोणीही पाहिले नाही. परदेशातील सगळ्या सोयींमध्ये मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच.

सकाळी सहाला किनाऱ्यावर दहा-बारा वृद्धांचा एक गट जमत असे. त्यातील बरेचजण सत्तरी ओलांडलेले होते आणि एक आजीबाई ऐंशीच्या घरात होत्या. मी तीन आठवडे फक्त घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून त्यांना पाहत होते. एके दिवशी त्या आजीबाई बाहेर येताना माझ्याजवळ थांबल्या आणि मला कोठून आलीस हेदेखील न विचारता पाण्याकडे बोट दाखवून शिकवू लागल्या. दोन ठिकाणी लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथले पाणी गडद आणि शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, आणि किनाऱ्यावर आलेले पाणी परत आत जाण्याची वाटही तीच असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचे नाही. पाण्यावर पडून राहायचे, हात वर करायचा, अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचे. लाल-पिवळी निशाणे रोवलेली असतील तर त्या दोन निशाणांच्या मध्येच राहायचे. सुट्टीच्या दिवशी तिथे पहारा देणारे जीवरक्षक स्वयंसेवक असतात आणि त्यासाठी पगार घेत नाहीत, हे कळल्यावर माझा बराचसा धीर वाढला.

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एक आठवडा गेला, कमरेपर्यंत यायला आणखी दोन. सकाळच्या वेळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने किनाऱ्याजवळचे पाणी जवळपास आरशासारखे असते, म्हणून हा गट सहाला येतो आणि डॉक्टर येण्याच्या बऱ्याच आधी घरी जातो. मतलई वाऱ्यांचा हा उपयोग कोणत्याही क्रमिक पुस्तकात मी वाचला नव्हता. डिसेंबरच्या मध्यात मी प्रथमच पाठीवर पडले आणि बुडाले नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते जड असते आणि शरीराला अधिक उचलून धरते, हेदेखील मी शिकवलेलेच होते. विहिरीतला डबा पाठीला बांधल्यासारखे वाटले.

पाण्यातून बाहेर आल्यावर किनाऱ्यावरच्या वाटेवर गोड्या पाण्याचे उघडे फवारे असतात. कळ दाबली की काही सेकंद पाणी पडते आणि आपोआप बंद होते. अंगावरचे मीठ धुण्यासाठी गोडे पाणी, तेही फुकट! ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, त्या लातूरच्या बाईचा हात त्या कळीवर सहजासहजी जाणार नाही. मी पहिले कित्येक दिवस घरी येऊन बादलीतच अंग धुतले. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की पर्थच्या धरणांत येणारे पाणी १९७० च्या दशकापासून घटत गेले, म्हणून २००६ मध्ये क्विनाना येथे समुद्राचे पाणी दाबाखाली सूक्ष्म पडद्यांतून गाळून गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ४,५०० कोटी लिटरची आहे, आणि २०११ मध्ये दक्षिणेला आणखी एक प्रकल्प उभा राहिला. म्हणजे समुद्रातून मीठ काढलेले पाणी नळातून पुन्हा समुद्रकाठी यायचे आणि माणसांच्या अंगावरचे समुद्राचे मीठ धुवायचे. मला या फेऱ्याचे हसू आले, पण त्यानंतर मी कळ दाबू लागले.

त्याहून मोठे आश्चर्य शेजारच्या बागेत होते. तेथे बागेला पाणी घालण्याचे वार ठरलेले असतात. घराच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहून आठवड्यातील दोन दिवस मिळतात, तेही सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. "आज आपला वार नाही," असे मुलाने नातवाला सांगितले तेव्हा मला क्षणभर आपल्या गल्लीत उभी असल्यासारखे वाटले.

किनाऱ्यालगतच्या हिरवळीवर सार्वजनिक विजेचे तवे बसवलेले असतात, आणि कळ दाबून कोणीही त्यावर काहीही भाजावे. लोक त्यावर मांस भाजतात, म्हणून मी स्वच्छ पुसून वर ॲल्युमिनियमचा कागद अंथरला आणि ज्वारीच्या पिठाचे धपाटे लावले. तीळ आणि लसणाच्या वासाने सकाळच्या गटातील चौघे जण आले. त्यांतील एका गृहस्थांना गहू वर्ज्य होता. या भाकरीत गव्हाचा कणही नाही हे कळल्यावर त्यांनी तीन धपाटे खाल्ले आणि ज्वारी म्हणजे कोणते धान्य ते विचारले. मुलाने इंग्रजी नाव सांगताच ते मोठ्याने हसले. त्यांच्या देशात ज्वारी मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात. मला वाईट वाटले नाही. आमच्याकडे कडबा जनावरांना आणि दाणे माणसांना, असे मी सांगितले, आणि दाण्यांची बाजू त्यांना पटलेली दिसली.

फेब्रुवारीतल्या संध्याकाळी वाळूवर बसून नातवाला मृग नक्षत्र दाखवायला गेले, तर ते पालथे! व्याध मृगाच्या वर आणि मृगाचे पाय आकाशाकडे. पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यावर उभे राहिल्यावर असेच दिसणार, हे डोक्याला ठाऊक होते, तरी मी मान वाकडी करून ते सुलटे पाहण्याचा प्रयत्न केलाच.

१ जूनपासून तेथे बागांचे फवारे सक्तीने बंद झाले, कारण त्यांचा पावसाळा जूनमध्येच असतो, मात्र तो थंडीचा. सकाळचा गट तरीही येत राहिला. मी किनाऱ्यावर स्वेटर घालून त्यांचे टॉवेल सांभाळू लागले. मृग लागला त्या दिवशी पर्थला पाऊस पडत होता आणि लातूरला ढगही नव्हते. त्या वर्षी मान्सून फार रेंगाळला. भावाने फोनवर आधी पावसाचे विचारले आणि मग म्हणाला, "आणि ते तुमचे डॉक्टर? येतेत का आजकाल?"

मी म्हटले, "ते उन्हाळ्यातच येतात. आता इथे हिवाळा आहे."

"मग त्यांना म्हणावं, पेशंट समदे इकडं हायेत."