एकाच वाडग्याचे दोन रंग

इंग्लंडमधल्या कॉल्चेस्टरमध्ये कुठेही पाया खणताना जळकी माती लागली की साइटवरच्या मंडळींना उधाण येतं. इसवी सन ६० की ६१, यावर वाद आहे, पण रोमनांविरुद्धच्या बुडिका राणीच्या बंडात हे गाव पेटवलं गेलं हे नक्की. भाजून लाल झालेल्या मातीच्या भिंतींचा थर आजही रस्त्यांखाली सापडतो. खणणाऱ्यांचं काम तिथे संपतं. पुढे खापरं बादल्यांतून आमच्याकडे, म्हणजे ती तपासणाऱ्यांकडे येतात. टूथब्रशने धुवायची, ट्रेमध्ये वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात कॉन्टेक्स्ट नंबर (ते कुठल्या थरात किंवा खड्ड्यात सापडलं त्याचा क्रमांक) घालायचा, मोजायची, तोलायची. मग मी एका ओळीत सांगायचं की हा खड्डा साधारण कधी बुजला.

त्या दिवशी एकाच खड्ड्यातल्या दोन पिशव्या समोर होत्या. एकीवर ‘सेमियन’ आणि दुसरीवर ‘स्थानिक, काळी’ असं लिहिलेलं. सेमियन म्हणजे गॉलमधून (साधारण आजच्या फ्रान्समधून) आलेली लाल, तुकतुकीत जेवणाची भांडी. वर्गवारी करणारा मुलगा नवा होता, त्याने लाल एकीकडे आणि काळं दुसरीकडे केलं होतं. त्याला काय बोलणार? आजकाल खणकामाच्या कंपन्या पोरांना चार खापरं दाखवतात आणि टेबलावर बसवतात.

काळ्या पिशवीतला एक तुकडा उचलला आणि थांबले. आखूड, उभा काठ. काठावर बाहेरून चाक फिरवून उठवलेल्या बारीक रेघा, खाली मण्यांची ओळ, मग पानांची वेल. स्थानिक काळ्या भांड्यावर अशी साच्यातली नक्षी कधीच नसते. चिमट्याने कडेचा कण तोडून भिंगाखाली धरला. करडी पण घट्ट माती, त्यात चुन्याचे पांढरे ठिपके. हा ला ग्रोफसेंकचा माल. दक्षिण फ्रान्समध्ये मियोजवळ, तार्न आणि दुर्बी नद्यांच्या संगमावर हे कारखाने होते. तिथे एका भट्टीत पंचवीस-तीस हजार भांडी लागत. कोणाची किती, याचे हिशेब कुंभारांनी बशांवर खरडलेले सापडले आहेत. भट्टीतली आच मातीच्या नळ्यांतून फिरवत, म्हणजे धूर भांड्याला लागू नये आणि लाल रंग उतरू नये. एवढा खटाटोप करून बनवलेला माल इथे धुराने काळा होऊन पडला होता.

लाल पिशवी ओतली. त्यात तीच वेल होती. दोन तुकडे एकमेकांना लावले आणि सांधा टच्चकन बसला: एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला लाल, मधून पान अखंड गेलेलं. कॉल्चेस्टरच्या जळक्या सेमियनमध्ये हे दिसतं. आगीत भांडं फुटतं, एक तुकडा ढिगाऱ्याखाली धुरात राहतो, दुसऱ्याला हवा मिळते.

पण या सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक होतं. बाहेरून ड्रिल मारलेलं, कडा साफ. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला डाग देतात, तसं इथे फुटलेलं सेमियन शिशाच्या रिव्हेटने जोडत. शिसं ३२७ अंशांना वितळतं. भट्टीत हजारेक अंश सोसलेल्या मातीला आगीचं काही नाही, रिव्हेट मात्र आधी गेला असणार. भेग परत उघडली आणि दोन तुकडे दोन जागी पडले.

म्हणजे हा दुकानातला माल नाही. १९२०च्या दशकात इथल्या हाय स्ट्रीटवर जळालेलं भांड्यांचं दुकान सापडलं, तेव्हापासून जळकं सेमियन दिसलं की ‘दुकान’ म्हणायची सवय लागली आहे. डागडुजी केलेलं भांडं कोण विकायला ठेवेल? हे कुणाच्या तरी घरातलं. काठ आणि साधी वेल बघता मला तर ते ४३च्या रोमन स्वारीआधी बनलेलं वाटतं. ४९मध्ये इथे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली, त्यांच्यापैकी कोणी सामानात आणलं असेल. की स्वारीआधीचा इथला राजा कुनोबेलिन याच्या काळातच व्यापाऱ्यांमार्फत आलं? रोमन येण्याआधीही इथले सरदार गॉलच्या ताटवाट्या वापरत होतेच. (ज्या पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरांनी १९१७मध्ये इथलं बाल्कर्न गेट खणलं, त्यांनीच १९४५मध्ये पाँडिचेरीजवळ अरिकामेडू खणलं, आणि तिथे याच भांड्यांची इटालियन थोरली बहीण सापडली. पुण्यात शिकताना मी हा धागा तिकडून धरला होता.)

मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, “छान आहे. रिपोर्टमध्ये एक ओळ टाक.” चित्रासाठी पैसे नाहीत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत पातळ कागद लावून ग्राफाइटने नक्षीचा ठसा मीच काढला. तो जाईल रिपोर्टमध्ये, कोणी काढून दाखवावा.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो की तू गोष्ट रचतेस. त्याच्या मते रिव्हेट आधीच काढून घेतला असेल, शिसं काही फुकट मिळत नव्हतं. वाडगा कचऱ्यात होता आणि कचरा जळला. त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. पण रिव्हेट उपसून काढला तर भोकाच्या कडेचे टवके उडतात, आणि इथे एकही टवका नाही. काळ्या तुकड्याच्या भोकात आतून करडा थर आहे. तो शिशाचा की काजळीचा, हे एक्स-रे तपासणीत कळेल. अर्ज दिला आहे, उत्तर आलं, “पुढच्या टप्प्यात बघू.” या कंपनीत पुढचा टप्पा म्हणजे बहुतेक वेळा म्युझियमचं गोदाम, म्हणून खोकं अजून मी सील केलेलं नाही.