काहीच न बोलता

पुन्हा तेच. नवीन ग्राफिक्स कार्ड आणि रॅमची जादा काडी घातल्यापासून कॉम्प्युटर असाच बंद पडतोय. रेंडर (व्हिडिओची अंतिम फाईल बनणं) निम्म्यावर आणि खट्. विंडोजचा एररचा निळा पडदा आला असता तर चाललं असतं, त्यात निदान ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं काही नाव तरी असतं. इथे पंख्यांसकट सगळं गप्प.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१. ही नोंद म्हणजे नुसता पंचनामा: गेला एवढंच, कशानं ते नाही. बगचेककोड, म्हणजे एररचा नंबर, शून्य; क्रॅशच्या फाईली पडतात ते मिनीडंपचं फोल्डर रिकामं. विंडोजला कळायच्या आत वीजच तुटली.

बंद पडण्याचं एवढं लागत नाही. न सांगता बंद पडतं, ते लागतं. (अण्णांचंही तसंच, पण जाऊ दे.)

पिंट्याचं एकच पालुपद, नवीन कार्ड खराब, परत कर. नवी पेठेतला दुकानदार म्हणे रॅम. त्यात तथ्य असू शकतं. एक्सएमपी म्हणजे रॅम जास्त वेगानं पळवायचं सेटिंग; ३२०० चं १.३५ व्होल्ट मागतं आणि नवी-जुनी काडी त्या वेगाला जुळेलच असं नाही. म्हणून एक्सएमपी बंद, काड्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला, रात्रभर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या. एकही एरर नाही. आली असती तर एकसुद्धा पुरे होती.

मग उष्णता. मे महिन्यातलं सोलापूर, त्यात फिल्टरवर शेजारच्या मागांवरून उडालेल्या कापसाचा थर. तो काढला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला दर दोन सेकंदांनी फाईलमध्ये आकडे लिहायला लावलं. शेवटची ओळ: कार्ड ७१ अंश, प्रोसेसर ७४. मरायच्या दोन सेकंद आधी ठणठणीत! एवढं राबून हातात हे. आपल्याच वाट्याला का, असं सारखं वाटत राहिलं.

उरला पॉवर सप्लाय, जुना, ४५० वॅटचा. कार्ड १७० वॅट, प्रोसेसर फार तर ९०, कागदावर पुरतो. पण कार्ड काही मिलिसेकंद त्याच्या बरंच वर उसळतं. त्यानं सप्लाय स्वतःला वाचवायला बंद झाला, तर मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय मशीन सहसा उठत नाही. हे तर लगेच उठतं.

कोडं सुटलं ते अक्कांमुळे. दारातून म्हणाल्या, “आत्ता लाईट फडफडली बघ.” इन्व्हर्टर! त्याच्या मागचं बटण ‘इको’वर. त्यात लाईट गेली की बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, तेवढा वेळ वीज नाही. सप्लायमधल्या कपॅसिटरनं साठवलेल्या विजेवर पूर्ण लोडला १६-१७ मिलिसेकंद काढायचे असतात, आणि उन्हाळे खाल्लेला कपॅसिटर तेवढेही काढत नाही. आधी मशीन ऐंशी वॅट खायचं, तेव्हा ती फट निभायची. आता कार्ड भरात असलं की नाही. म्हणून ब्राउझरवर कधी नाही, रेंडरलाच.

बटण ‘यूपीएस’वर टाकलं. आता दहा-पंधरा मिलिसेकंद. इन्व्हर्टर साईनवेव्ह, म्हणजे लाईटसारखीच गोलसर लहर देणारा, आहे हे नशीब, चौकोनी वेव्हवर असले सप्लाय रुसतात. पण या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की बॅटरी लागणार, म्हणजे तिचं पाणी बघणं आलं. ६५० वॅटचा सप्लाय पगारानंतर.

पिंट्याला सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं त्यानं. मग म्हणतो, “तरीपण कार्ड एकदा दाखवून ये.”