तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्ट चांगला असताना बोट का टोचायचे?

मला मधुमेह आहे आणि बोट टोचून, रक्ताच्या थेंबावरून मी मीटरवर साखर तपासते. ‘तीन महिन्यांची साखर सात टक्क्यांच्या आत आली, मग अजून बोट कशाला टोचून घेता?’ असे ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणी मला नेहमी विचारतात.

एचबीएवनसी, म्हणजे ही तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी, मी मुळीच कमी लेखत नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. परंतु त्या सरासरीत मीटरवरचे (मिलीग्रॅम प्रति डेसीलिटरमधले) एखाद्या दिवशीचे 240 आणि दुसऱ्या दिवशीचे 60 हे दोन्ही आकडे गुडूप होतात. स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी मी घेते, त्यामुळे जेवण लांबले की साखर घसरण्याचा धोका असतो. घोडबंदर रस्त्यावर एकदा दुपारी बस दीड तास अडकली, हात कापू लागले, घामाने ब्लाउज भिजला, आणि पर्समधल्या मीटरने 62 दाखवले. 70च्या खाली आकडा गेला की 15 ग्रॅम ग्लुकोज घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे ठाऊक होते म्हणून निभावले. पुढच्या रिपोर्टमध्ये त्या दुपारचा मागमूसही नव्हता.

दुसरा धडा संकष्टीने दिला. साबुदाण्याची खिचडी खाण्यापूर्वी 118 असलेली साखर, पहिल्या घासापासून दोन तासांनी 236 झाली. भाकरी, मुगाची उसळ आणि कोशिंबीर खाल्ल्यावर मात्र ती 160च्या आसपासच राहते. उपासाचे म्हणजे हलके, हा माझा अनेक वर्षांचा समज त्या दोन थेंबांनी मोडला.

अर्थात, आकडा खरा यायला हवा. मे महिन्यात हापूस चिरून, हात नुसते पुसून मी बोट टोचले, तर 226 आले. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासले तेव्हा 134. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की मीटरमध्ये घालायची स्ट्रिप काढल्याबरोबर डबीचे झाकण घट्ट लावावेच लागते. टोचायचे ते बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखते.

प्रत्येकाने रोज तपासावे असे मी म्हणणार नाही; किती वेळा तपासायचे ते औषधांवर अवलंबून असते आणि ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. माझ्या डॉक्टरांनी वहीतल्या दुपारच्या नोंदींवरून बोट फिरवले आणि सकाळची गोळी निम्मी केली.